पडद्यावरील स्त्री आणि आपल्या मंडपातील मुली

(रविवारच्या अभ्यासवर्गात झालेल्या विवेचनाच्या आधारे)

गेल्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी रात्री सभामंडपात बालगोपाळांच्या करमणुकीचा कार्यक्रम झाला, तो पुष्कळ सभासदांच्या स्मरणात असेल. दुसरी-तिसरीत शिकणाऱ्या सहा मुलींनी नऊवारी नेसून, नाकात नथ घालून, एका हिंदी चित्रपटगीतावर नाच केला. ताल अचूक होता, तालमी मन लावून केलेल्या दिसत होत्या. सर्वांस कौतुक वाटले. आम्हीही टाळ्या वाजविल्या. पुढच्या रांगेतील दोघा गृहस्थांनी तर 'पुन्हा एकदा' असा आग्रहच धरला आणि मुली पुन्हा नाचल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र कुजबुज सुरू झाली. गाणे देवासमोर शोभणारे नव्हते, ते हावभाव पाहवत नव्हते, आयांना एवढेही समजू नये काय, असे बोलणे निघाले. आणि पुढील सभेत मुलींच्या आयांना चार शब्द सुनावण्यात आले. त्यानंतरच्या रविवारी अभ्यासवर्गात त्या सहांपैकी एकीची थोरली बहीण उभी राहिली. तिचे वय चौदा. तिने सरळ विचारले, "काका, गाणे वाईट होते, तर ते लाउडस्पीकरवर लावले कोणी? आणि पुन्हा एकदा म्हणणाऱ्यांना कोणीच कसे बोलले नाही?"

आम्ही निरुत्तर झालो. मुलीचा प्रश्न उद्धट नव्हता, योग्य होता. त्याचे उत्तर देण्यास आम्हांस सहा महिने लागले, ही आमची उणीव समजावी.

गीत कोणते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इ. स. २०१२ च्या जानेवारीत प्रदर्शित झालेल्या 'अग्निपथ' या हिंदी चित्रपटातील 'चिकनी चमेली' हे ते गीत. त्याची चाल मूळची मराठी आहे. २००६ सालच्या 'जत्रा' या मराठी चित्रपटात 'कोंबडी पळाली' हे गीत त्याच चालीवर होते (तेही काही सोवळ्यातले नव्हे), आणि दोन्हींचे संगीतकार अजय-अतुल हेच. विशेष असे की, गणेशोत्सवात गावोगाव वाजणारे 'देवा श्री गणेशा' हे गीतही त्याच 'अग्निपथ'मधील आणि त्याच संगीतकारांचे. गजाननाचे स्तवन आणि हे नृत्यगीत एकाच यादीत शेजारी बसले आहेत. ध्वनिक्षेपकाजवळ बसलेल्या मुलाचे बोट जरा खाली घसरले की एकाच्या जागी दुसरे वाजू लागते. तेव्हा कोणी दुष्ट हेतूने असली गीते मंदिरात आणली, असे मानण्याचे कारण नाही. आपल्याच चालीच्या ओढीने, आपल्याच घरातून ती आली.

ज्यांनी हे गीत गायिले, त्या श्रेया घोषाल यांनी २०२५ साली एका मुलाखतीत आपला संकोच मोकळेपणी सांगितला. पाच-सहा वर्षांच्या मुली अर्थ न समजता हे गीत म्हणतात, त्यावर नाचतात आणि आपल्यासमोर म्हणून दाखविण्याची इच्छा धरतात, तेव्हा आपणांस ओशाळल्यासारखे होते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. स्त्रीने शृंगाराचा उच्चार करूच नये, असे त्यांचे म्हणणे नव्हते. शृंगार व्यक्त करणे आणि स्त्रीची वस्तू करून टाकणे यांत फार बारीक रेषा आहे, आणि लेखणी स्त्रीच्या हाती असती तर तेच अधिक डौलाने लिहिले गेले असते, असे त्यांनी सुचविले. आमच्या विवेचनास यापेक्षा चांगला आरंभ सापडणार नाही. कारण ही बारीक रेषा नेमकी कोठे आहे, हेच आपणांस शिकावयाचे आहे.

'वस्तू करणे' या शब्दाचा अर्थ प्रथम पाहू. मंडईतील दुधी भोपळा आपण उचलतो, नखाने टोचून पाहतो, नको असल्यास ठेवून दुसरा घेतो. भोपळ्याला काय वाटते, हे आपण विचारीत नाही, कारण त्याला काही वाटत नाही. ही वागणूक भोपळ्याशी योग्य आहे. तीच माणसाशी केली, म्हणजे त्यास वस्तूकरण म्हणतात. अमेरिकेतील तत्त्वज्ञ मार्था नसबॉम यांनी १९९५ साली या विषयावर एक निबंध लिहून त्याची सात लक्षणे मांडली. माणसास केवळ साधन समजणे, त्यास स्वतःची इच्छा आहे हे नाकारणे, एकाच्या जागी दुसरे चालेल असे मानणे, त्याच्यावर मालकी सांगणे, त्यास मन आहे याची दखलच न घेणे ही त्यांपैकी काही होत. सातही एकाच ठिकाणी असावी लागतात असे नाही. निबंध वाचल्यावर आम्हांस सर्वांत अधिक खटकले ते 'एकीच्या जागी दुसरी चालेल' हे लक्षण. चित्रपटातील अशा गीतास 'आयटम साँग' म्हणतात. हा 'आयटम' शब्दच पाहा. दुकानाच्या यादीतला तो शब्द आहे. त्या स्त्रीला बहुधा कथेत नाव नसते. गाण्यापूर्वी ती नव्हती, गाण्यानंतर ती नसेल. तिच्या मागे नाचणाऱ्या वीस जणींचे तर विचारूच नये.

आता प्रत्यक्ष अभ्यास. वर्गात आम्ही जो प्रयोग केला तो प्रत्येक घरी करून पाहावा. लोकप्रिय नृत्यगीताचा कोणताही एक व्हिडिओ घ्यावा आणि त्याचा आवाज पूर्ण बंद करावा. ही युक्ती आमची नव्हे. अमेरिकेत 'एम टीव्ही' ही केवळ गाण्यांच्या चित्रफिती दाखविणारी वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली. त्यानंतर दहाएक वर्षांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील प्रा. सुत जॅली यांनी तिच्यावरील चित्रफितींचे तुकडे एकत्र केले, मूळ संगीत काढून टाकले आणि त्या जागी आपले विवेचन घालून 'ड्रीमवर्ल्ड्स' नावाचा बोधपट विद्यार्थ्यांसाठी तयार केला. वाहिनीने त्यांना न्यायालयाची धमकी दिली. प्राध्यापक मागे हटले नाहीत. संगीत गेले की जादू उतरते आणि चित्र उघडे पडते, हे त्यांनी ओळखले होते.

आवाज बंद करून पाहताना वही जवळ ठेवावी. ज्यांत मुखच नाही, केवळ कंबर, पाठ, छाती किंवा मांडी आहे, अशी दृश्ये किती आली, त्यांच्या खुणा कराव्यात. कॅमेरा कोणाच्या उंचीवर ठेवला आहे ते पाहावे. पुष्कळदा तो जमिनीलगत असतो आणि खालून वर सरकत जातो, जणू कोणी दुकानातील माल पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळीत आहे. दृश्ये इतकी झरझर बदलतात की नृत्याची एक संपूर्ण हालचालही डोळ्यांस मिळत नाही. मग नाच पाहिला असे तरी कसे म्हणावे? आणि शेवटी, भोवती उभे असलेले पुरुष काय करीत आहेत, हे पाहावे. बहुधा ते टक लावून पाहत असतात, बाटल्या उंचावीत असतात, नोटा उधळीत असतात. वर्गातील मोठ्या मुलांनी प्रथम हसत हसत खुणा करण्यास आरंभ केला. दोन-तीन मिनिटांनी हसणे थांबले आणि एकाने पेन्सिल खाली ठेवली.

या पुरुषांस पडद्यावर कशासाठी उभे केले आहे? इंग्लंडमधील लॉरा मल्व्ही या विदुषींनी १९७५ साली चित्रपटाविषयी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांच्या मते पडद्यावरील पुरुषाची नजर, कॅमेऱ्याची नजर आणि प्रेक्षकाची नजर या तिन्ही एकमेकींत मिसळून जातात. सभागृहात बसलेला मनुष्य, मग तो स्त्री असो वा पुरुष, त्या पुरुषाच्या डोळ्यांनी पाहू लागतो. आम्हांस आमच्या मंडपातील ती रात्र आठवली. मुली लहान होत्या, लुगडी आजीच्या पेटीतली होती, मनात पाप कोणाच्याच नव्हते असे आम्ही आजही मानतो. परंतु बसण्याची रचना, शिट्टी, 'पुन्हा एकदा' ही आरोळी, हे सारे आपण पडद्यावरील त्या टोळक्याकडून उचलले होते. मुलींनी स्त्रीची नक्कल केली आणि आम्ही त्या पुरुषांची.

येथे कोणी म्हणेल, मग शृंगारच वर्ज्य करावा काय? आपल्या देवळांच्या भिंतींवर सुरसुंदरी आहेत, लावणी आपल्या महाराष्ट्राचे धन आहे, त्यांचे काय? आक्षेप रास्त आहे आणि त्यास उत्तरही आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नायिकांचे आठ प्रकार सांगितले आहेत. वासकसज्जा, विरहोत्कंठिता, खंडिता, अभिसारिका इत्यादी. हे आठ प्रकार कशावरून केले? देहाच्या अवयवांवरून नव्हे, मनाच्या अवस्थेवरून. एक वाट पाहते, एक रागावली आहे, एक भांडून पस्तावली आहे, एक स्वतः निघाली आहे. महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती' उघडावी. तीत शृंगार भरपूर आहे, पण कितीतरी गाथा स्त्रीच स्वमुखाने बोलते, सखीजवळ तक्रार करते, प्रियकराची थट्टा करते. जेथे स्त्री बोलते, हसते, रुसते, नकार देते, तेथे शृंगार कितीही मोकळा असला तरी ती वस्तू होत नाही.

लावणीचे उदाहरण तर फार बोलके आहे. ज्या २०१२ साली 'चिकनी चमेली' गाजले, त्याच साली वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना पद्मश्री मिळाली. बैठकीच्या लावणीच्या त्या थोर कलावती २०१८ साली निवर्तल्या. बैठकीच्या लावणीत गायिका बसूनच गाते. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि प्रत्येक वेळी निराळा अर्थ दाखविते, कधी भुवईने, कधी पदराच्या टोकाने, कधी नुसत्या थांबण्याने. शब्द अनेकदा धीट असतात. परंतु तेथे बैठक तिच्या ताब्यात असते. श्रोत्याने कोठे पाहावे, हे ती ठरविते, आणि बव्हंशी ती त्यास आपल्या मुखाकडेच पाहावयास लावते. कॅमेरा तिच्या मुखाखाली उतरला, तर कलाच निघून जाईल. वृद्धपणीही यमुनाबाई अदा करीत आणि जाणकार भारावून ऐकत. आयटम साँगमध्ये वृद्ध स्त्री कोणी पाहिली आहे काय?

एवढे लिहून आम्ही थांबलो असतो, तर लेख आम्हांस सोयीचा झाला असता. पण देवळाच्या पत्रिकेत लिहिणाऱ्याने चित्रपटाकडे बोट दाखवून हात झटकणे बरे नव्हे. गोमंतकातील देवळांत पिढ्यान् पिढ्या कलावंत घराण्यांतील स्त्रिया गायिल्या, नाचल्या. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या त्याच परंपरेतून आलेल्या. केसरबाईंचे गायन १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठविण्यात आले. आज आपण त्यांचा अभिमान सांगतो. परंतु ज्या समाजाने या स्त्रियांच्या कलेस देवासमोर स्थान दिले, त्याच समाजाने त्यांना लग्नाचा मान नाकारला आणि धनिकांच्या आश्रयावर सोडले. बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मेच्या नावाने गरिबांच्या मुली सोडल्या जात, हे सीमाभागातील वाचकांस सांगणे नको. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, कर्नाटकाने १९८२ साली मुली सोडण्यास बंदी घातली. स्त्रीला वस्तू करण्यासाठी कॅमेरा लागतोच असे नाही. आपले पूर्वज कॅमेऱ्यावाचून ते करीत होते, आणि तेही देवाचे नाव घेऊन. म्हणून या प्रश्नात आम्हांस न्यायाधीशाच्या आसनावर बसता येत नाही. फार तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहता येते.

कायद्याचा आधार आहे काय, असे काही सभासद विचारतात. आहे, पण तोकडा. स्त्रियांचे असभ्य प्रदर्शन रोखणारा कायदा १९८६ साली झाला. स्त्रीच्या रूपाचे किंवा तिच्या देहाच्या एखाद्या भागाचे तिला कमीपणा आणणारे चित्रण, असा स्पष्ट उल्लेख त्यात आहे. १९९३ साली 'खलनायक' चित्रपटातील 'चोली के पीछे' या गीताविरुद्ध दिल्लीच्या न्यायालयात अर्ज झाला, तो टिकला नाही, आणि पुढे त्याच गीताच्या नृत्यरचनेस फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. २०१९ च्या जूनमध्ये केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने दूरचित्रवाणी वाहिन्यांस सूचना केली की, नृत्यस्पर्धांच्या कार्यक्रमांत लहान मुलांना वयास न शोभणारे, मोठ्यांचे शृंगारिक हावभाव करावयास लावू नयेत. २०२५ च्या मार्चमध्ये तेलंगण राज्याच्या महिला आयोगाने तेलुगू चित्रपटांतील स्त्रियांना हीन दाखविणाऱ्या नृत्यहालचालींविषयी चित्रपटनिर्मात्यांस इशारा दिला. आमच्या हैदराबादच्या आप्तांस ते ठाऊक असेल. या सर्वांचा थोडाफार उपयोग होतो. परंतु मंत्रालयाची सूचना वाहिन्यांस असते. आपल्या मंडपात ती कोणी वाचून दाखवीत नाही.

२०१२ च्या डिसेंबरचा एक योग मनातून जात नाही. १६ तारखेच्या रात्री दिल्लीत धावत्या बसमध्ये एका तरुणीवर जो अमानुष अत्याचार झाला, त्याने सारा देश हादरला. त्याच आठवड्यात, २१ तारखेस, 'दबंग २' प्रदर्शित झाला. त्यातील एका गाजलेल्या गीतात स्त्री स्वतःस तंदुरी कोंबडी म्हणविते आणि मद्याबरोबर गिळून टाकण्याचे आमंत्रण देते. त्या गीतामुळे तो गुन्हा घडला, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तसे म्हणणे अपराध्यांचा भार हलका करण्यासारखे होईल. परंतु रस्त्यावर मेणबत्त्या घेऊन उतरलेली मंडळी आणि लग्नाच्या वरातीत त्या गीतावर नाचलेली मंडळी निराळी नव्हती.

लहान मुलींवर याचा परिणाम काय होतो? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००७ साली मुलींच्या या अकाली शृंगारीकरणाविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यात गाण्यांच्या व्हिडिओंचाही विचार होता. मुलगी आपल्याकडे आतून पाहण्याऐवजी बाहेरच्याच्या डोळ्यांनी पाहू लागते, आपण कशा दिसतो याचा पहारा स्वतःवर ठेवू लागते, आणि त्यात तिची शक्ती खर्ची पडते, असे या विषयाच्या अभ्यासकांचे मत आहे. १९९८ सालच्या एका प्रयोगात विद्यार्थी-विद्यार्थिनींना आरशासमोर एकट्यानेच पोहण्याचा पोशाख किंवा लोकरी स्वेटर घालावयास सांगितला आणि त्याच वेळी गणिते सोडविण्यास दिली. पोहण्याच्या पोशाखातील मुलींची गणिते स्वेटर घातलेल्या मुलींपेक्षा अधिक चुकली. मुलांत तसा फरक दिसला नाही. खोलीत पाहणारे कोणी नव्हते. एका प्रयोगावरून शास्त्र सिद्ध होत नाही हे खरे; पण ज्या घरी दहावीची मुलगी आहे त्यांनी यावर विचार करावा. मुलांचे नुकसान निराळ्या प्रकारचे आहे. स्त्री म्हणजे नाव नसलेले, नकार न देणारे काहीतरी, असे ज्याने हजार वेळा पाहिले, त्यास पुढे पत्नीचा साधा नकारही अपमान वाटतो.

अभिनेत्री स्वखुशीने काम करते, मोबदला घेते, मग आपण का दुःख करावे, असा एक प्रश्न वर्गात निघाला. अभिनेत्रीविषयी अनुदार शब्द बोलण्याचा अधिकार आम्ही आपणांस देत नाही. तिचे श्रम मोठे असतात आणि नृत्याचे कसबही खरे असते. विचारावयाचे ते हे की, गीत कोणी लिहिले, कॅमेरा कोणी लावला, पैसा कोणाचा, आणि तिकीट कोणी काढले. या प्रत्येक पायरीवर पुरुष भेटतो. पण चर्चा मात्र तिच्या वस्त्राची होते. आपल्या सभेतही तेच झाले.

म्हणून प्रथम आपल्या घरचे सांगतो. त्या सभेत मुलींच्या आयांना जे बोलले गेले, ते कार्यकारी मंडळाने परत घेतले आहे आणि तसा ठराव इतिवृत्तात नोंदविला आहे. गीतांची यादी पाहणे हे मंडळाचे काम होते, आयांचे नव्हे. यंदापासून ध्वनिक्षेपकावर लागणारे प्रत्येक गीत आधी मुलींसमवेत बसून, शब्दांचा अर्थ सांगून ऐकले जाईल. अर्थ सांगताना ज्या ठिकाणी मोठ्यांची जीभ अडखळेल, ते गीत आपोआप बाजूस पडेल. निराळा नियम करण्याची आम्हांस गरज वाटली नाही. कार्यक्रमाच्या रात्री पुढच्या तीन रांगा आजी, आई व भावंडांसाठी राखून ठेवण्यात येतील, आणि मंडळाचे पुरुष सभासद बैठका घालण्यास मागे राहतील. आवाज बंद करून पाहण्याचा प्रयोग श्रावणातील पहिल्या रविवारी पुन्हा होईल. यावेळी तो वडीलधाऱ्या पुरुषांसाठी आहे. पेन्सिली मंडळ देईल.

मुलींस विचारले असता सहांपैकी चौघींनी मंगळागौरीचे खेळ करण्याचे ठरविले आहे. फुगडी, झिम्मा, पिंगा आणि कोंबडा. दोघींस मात्र चित्रपटातीलच गीत हवे आहे. कोणते, यावर त्यांचे अद्याप एकमत झालेले नाही.